नव्या कन्सोलची रांग आणि ४१६ चा पिनकोड

नवा गेमिंग कन्सोल, म्हणजे व्हिडिओ गेम खेळण्याचे यंत्र, बाजारात आला की पहिले काही महिने मागणारे पुष्कळ आणि मिळणारे थोडे, हे आता इतके अंगवळणी पडले आहे की त्यामागे काही हिशेब असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. कंपनीने मुद्दाम टंचाई केली, असे म्हणून चर्चा बहुतेक वेळा संपते. मी कोल्हापूरजवळच्या शिरोलीत एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, उत्पादन नियोजनाचे काम पाहतो. मागणी, पुरवठा आणि आगाऊ ऑर्डर यांच्याशी माझा रोजचा संबंध येतो आणि गेम खेळण्याची हौस कॉलेजपासूनची आहे, त्यामुळे हा विषय माझ्या डोक्यात बरीच वर्षे घोळतो आहे. माझे म्हणणे असे, की किंमत ठरलेली आणि माल मोजका असला की प्रीऑर्डरच्या, म्हणजे आगाऊ नोंदणीच्या, नावाखाली रांगेतल्या जागा वाटल्या जातात. त्या कोणाला द्यायच्या याचा नियम कंपनीने स्वतः केला नाही, की तो इंटरनेटचा वेग, दुकानदाराशी असलेली ओळख आणि पिनकोड हे परस्पर ठरवून टाकतात.

सोनीचा प्लेस्टेशन ५ हा कन्सोल अमेरिका, जपान आणि इतर काही देशांत १२ नोव्हेंबर २०२० रोजी विक्रीला आला, उरलेल्या बहुतेक देशांत १९ नोव्हेंबरला. भारताच्या वाट्याला २ फेब्रुवारी २०२१ ही तारीख आली आणि प्रीऑर्डर १२ जानेवारीला दुपारी खुली झाली. किंमत होती ४९,९९० रुपये. सर्व संकेतस्थळांवरचा साठा काही मिनिटांत संपला. मी ज्या संकेतस्थळावर बसलो होतो तिथे खरेदीचे बटण दिसले, दाबले गेले, पत्ता निवडण्याचे पान उघडले आणि घरचा पत्ता निवडताच खाली लाल अक्षरांत ओळ आली, की ही वस्तू आपल्या पिनकोडवर पोहोचवली जात नाही. पुण्याच्या मावसभावाचा पत्ता घालेपर्यंत बटण करडे पडले होते. वस्तू ४१६ ने सुरू होणाऱ्या पिनकोडवर येणार नाही ही गोष्ट त्या विक्रेत्याला आदल्या रात्रीही ठाऊक असणार. ती आधी सांगितली असती तर कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडच्या मंडळींनी पहिल्यापासूनच पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे पत्ते तयार ठेवले असते.

दुकानांतली प्रीऑर्डर निराळ्या पद्धतीची असते. राजारामपुरीतल्या एका दुकानात तेव्हा एक लांबट वही ठेवलेली होती, तीत नाव, मोबाइल नंबर आणि जमा केलेली आगाऊ रक्कम असे रकाने होते आणि काही नावांपुढे पेन्सिलीने बारीक फुली होती. फुली कशाची, असे विचारल्यावर मालक म्हणाले, "ती आपली जुनी गिऱ्हाइकं, त्यांना आधी द्यायला लागतंय. आणि साहेब, मशीन एकटं नाही मिळणार बघा, संगट दोन गेम आणि जादाचा कंट्रोलर घ्यावा लागंल." छापील कमाल किमतीपेक्षा जास्त दराने किरकोळ विक्री करायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, म्हणून वरचा पैसा असा जोडमालातून काढला जातो. मला त्या मालकांचा फारसा राग आला नाही. त्यांच्या वाट्याला मोजकीच खोकी येणार होती आणि कन्सोलवरचा दुकानदाराचा नफा तसाही तुटपुंजाच असतो.

मग माल इतका कमी का? कंपनीने मुद्दाम रोखून धरला, हे मला पटत नाही, कारण कन्सोलच्या धंद्यात मशीन विकून फारसे काही सुटतच नाही. सुरुवातीला ते अनेकदा तोट्यात विकले जाते आणि कमाई होते ती पुढे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममागे मिळणाऱ्या हिश्श्यातून आणि वर्गणीतून. डिस्क असलेले प्लेस्टेशन ५ आता तोट्यात विकले जात नाही, असे सोनीने २०२१ च्या ऑगस्टमध्ये सांगितले, म्हणजे तोपर्यंत ते तोट्यातच जात होते. गोदामात पडून राहिलेल्या मशीनवर कोणी गेम विकत घेत नाही; तेव्हा माल दाबून ठेवण्यात कंपनीचे स्वतःचेच नुकसान आहे.

खरी अडचण कारखान्यात असते. सन २००० मध्ये प्लेस्टेशन २ अमेरिकेत आला तेव्हा पहिल्या दिवसासाठी दहा लाख मशीन ठरली होती, पण सुट्या भागांच्या तुटवड्यामुळे ती पाच लाखांवर आणावी लागली. २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ डिस्क वाचणाऱ्या निळ्या लेझरच्या डायोडपायी अडला आणि युरोपातली विक्री २००७ च्या मार्चपर्यंत लांबली. २०२० मध्ये अडसर होता चिपचा. प्लेस्टेशन ५ आणि मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स सीरीज एक्स व एस या तिन्हींची मुख्य चिप एएमडी या अमेरिकी कंपनीने आखलेली आणि तैवानच्या टीएसएमसी या कंपनीच्या सात नॅनोमीटर प्रक्रियेवर बनणारी होती. म्हणजे बाजारात एकमेकांशी झुंजणाऱ्या दोन्ही कंपन्यांचे कन्सोल कारखान्याच्या दारात एकाच रांगेत उभे होते आणि त्याच रांगेत एएमडीचे संगणकांसाठीचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डेही होती. या चिपा तीनशे मिलिमीटर व्यासाच्या सिलिकॉनच्या चकतीवर, म्हणजे वेफरवर, तयार होतात आणि एका चकतीतून किती निघणार हे चिपेच्या आकारावर ठरते. सीरीज एक्सची चिप सुमारे ३६० चौरस मिलिमीटरची आणि सीरीज एसची सुमारे १९७ चौरस मिलिमीटरची, त्यामुळे एका चकतीतून एसच्या चिपा जवळजवळ दुप्पट निघतात. मोठे मशीन कुठेच नाही आणि धाकटे त्या मानाने सहज मिळते, या तेव्हाच्या चित्रात या क्षेत्रफळाचा वाटा मोठा होता. चकती कारखान्यात शिरल्यापासून चिप बाहेर पडेपर्यंत काही महिने जातात आणि नवा कारखाना उभारायला काही वर्षे लागतात. तेव्हा मागणी वाढली म्हणून पुढच्या महिन्यात पुरवठा वाढवा, हा पर्याय तिथे मुळातच नसतो.

त्या टंचाईचा एक फटका आमच्या शिरोलीपर्यंतही पोहोचला. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मोटार कंपन्यांनी चिपांच्या ऑर्डरी कमी केल्या, चिप कारखान्यांनी ती क्षमता लॅपटॉप आणि करमणुकीच्या उपकरणांकडे वळवली आणि वर्षअखेरीस गाड्यांची मागणी परत आली तेव्हा मोटार कंपन्यांना जागा उरली नव्हती. गाड्यांच्या चिपा बहुतांशी जुन्या प्रक्रियेवरच्या आणि कन्सोलची मुख्य चिप अद्ययावत, हा फरक खरा. पण वीजपुरवठा सांभाळणाऱ्या साध्यासुध्या चिपा कन्सोललाही लागतातच. २०२१ मध्ये आमच्या गिऱ्हाइकांची शेड्यूल, म्हणजे कधी किती माल हवा याची वेळापत्रके, आठवड्या-आठवड्याला खाली येत होती, मशीनिंग झालेले ब्रेक ड्रम शेडमध्ये रचलेले होते आणि पावसाळ्यात गंज चढू नये म्हणून त्यांच्यावर तेल फिरवून ठेवावे लागत होते. कन्सोल न मिळाल्याने चिडलेला गेमर आणि ऑर्डर थांबल्याने हवालदिल झालेला फौंड्रीवाला हे दोघेही एकाच कारणाने त्रासलेले आहेत, असे मी कॅन्टीनमध्ये सांगितले तेव्हा कोणाला पटले नाही.

माल कमी आणि मागणी जास्त असेल तर किंमत वाढायला हवी, हे शिकायला कोल्हापूरकराला पुस्तकाची गरज नाही. दिवाळीच्या पाडव्याला मार्केट यार्डात गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात, तेव्हा पहिल्या रव्यांना, म्हणजे गुळाच्या ढेपांना, चढा दर मिळतो आणि आवक वाढेल तसा दर आपल्या जागेवर येतो. अडत्या, शेतकरी आणि व्यापारी तिघांनाही त्यात वावगे वाटत नाही. कन्सोलच्या कंपन्या हे करत नाहीत. पहिल्या महिन्यात ८०,००० रुपये आणि वर्षाने ५०,००० अशी किंमत ठेवली, तर माल उचलून चढ्या दराने विकणाऱ्या दलालांची बहुधा गरजच संपेल, पण ज्या चाहत्यांनी पुढे वर्षानुवर्षे गेम विकत घ्यायचे त्यांच्याच मनातून कंपनी उतरेल. म्हणून छापील किंमत सर्वांना एकच ठेवली जाते आणि दरातला जो फरक गुळाच्या सौद्यात शेतकऱ्याला मिळाला असता तो इथे दलालाच्या खिशात जातो. परदेशांत हे काम बॉट म्हणजे आपोआप खरेदी करणारे प्रोग्राम करतात. तिकिटांच्या काळाबाजारासाठी असे प्रोग्राम वापरण्याविरुद्ध अमेरिकेने २०१६ मध्ये कायदा केला, पण तो तिकिटांपुरताच आहे, कन्सोलला लागू नाही.

भारताचा वाटा मुळातच लहान का असतो, याचे उत्तर थोडे करांत आहे असे मला वाटते. २०१८ च्या अर्थसंकल्पात व्हिडिओ गेम कन्सोलवरचे सीमाशुल्क १० वरून २० टक्क्यांवर गेले, त्यावर अधिभार, आणि या सगळ्यावर जीएसटी, जो २०१९ च्या जानेवारीपासून २८ ऐवजी १८ टक्के झाला. अमेरिकेतली ४९९ डॉलर ही किंमत तेव्हाच्या दराने साडेछत्तीस हजारांच्या आसपास होती. ४९,९९० पर्यंतचे अंतर बरेचसे या करांनीच भरले. तेच खोके जिथे स्वस्तात विकता येते आणि जिथे गेम विकत घेणारे जास्त आहेत, तिथे कंपनी ते आधी पाठवणार.

प्रीऑर्डरचा कंपनीला खरा उपयोग मागणीचा अंदाज बांधण्यासाठी व्हायला हवा, पण टंचाईच्या काळात नेमका तोच बिघडतो. एक माणूस तीन संकेतस्थळांवर आणि दोन दुकानांत नाव नोंदवतो, भाऊ आणि मेहुण्याच्या नावानेही नोंदवतो, आणि एक मशीन हाती आले की बाकीच्या नोंदी रद्द करतो. कागदावरची मागणी फुगते, प्रत्यक्षातली तेवढीच राहते. चिपांच्या टंचाईत उद्योगांनीही हेच केले होते, आणि आमच्या धंद्यात वाढीव शेड्यूल हाती आले की अनुभवी माणूस आधी विचारतो, यातले खरे किती? आगाऊ रक्कम मोठी ठेवली की पोकळ नोंदी कमी होतात हे खरे, पण मग पन्नास हजार रुपये महिनाभर अडकवू शकणाराच रांगेत उभा राहतो.

या सगळ्यात मला सर्वांत विचारपूर्वक वाटलेली पद्धत निन्तेंदो या जपानी कंपनीने स्विच २ या आपल्या कन्सोलसाठी २०२५ मध्ये जपानात वापरली. कंपनीच्या स्वतःच्या दुकानातून घ्यायचे तर सोडत होती, आणि सोडतीत नाव घालायला दोन अटी होत्या: आधीच्या स्विचवर २८ फेब्रुवारी २०२५ पर्यंत पन्नास तास खेळलेले असावे आणि ऑनलाइन वर्गणी एकूण किमान वर्षभर भरलेली असावी. दलाल पन्नास तास खेळत बसत नाही. इतके करूनही २२ लाख अर्ज आले आणि विक्रीच्या दिवशी देता येतील त्यापेक्षा ते कितीतरी जास्त आहेत, असे कंपनीच्या अध्यक्षांनी जाहीरपणे सांगून दिलगिरी व्यक्त केली. जपानी भाषेपुरते चालणारे मशीन ४९,९८० येनला आणि सर्व भाषांचे ६९,९८० येनला ठेवल्यामुळे, स्वस्तात घेऊन परदेशात विकण्याचा मार्गही बराच अरुंद झाला. ५ जूनला विक्री सुरू झाली आणि पहिल्या चार दिवसांत जगभर ३५ लाखांहून अधिक मशीन गेली. नव्या खेळाडूवर या अटींचा अन्याय होतो, हा आक्षेप योग्य आहे. पहिल्यांदाच कन्सोल घेणाऱ्या मुलाने पन्नास तास कुठून आणायचे? तरी बोटांच्या चपळाईवर वाटप करण्यापेक्षा मी ही पद्धत पत्करेन. भारतात त्या जूनमध्ये स्विच २ अधिकृतपणे आलाच नाही. इथे जो मिळाला तो आयात करणाऱ्यांच्या मर्जीने आणि त्यांच्या दराने.

थांबणाऱ्यांचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. प्लेस्टेशन ५ ची भारतातली किंमत उतरण्याऐवजी नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झाली. मग पुरवठा सुरळीत झाला आणि जुलै २०२३ मध्ये कंपनीनेच काही दिवसांसाठी ७,५०० रुपयांची सूट दिली, म्हणजे मशीन ४७,४९० ला आले. ज्या वस्तूसाठी लोक जानेवारी २०२१ मध्ये घड्याळ लावून बसले होते ती अडीच वर्षांनी अडीच हजारांनी स्वस्त आणि हवी तेवढी मिळत होती. अडीच वर्षांच्या खेळण्याची किंमत तेवढी धरायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. विशीतल्या माणसाचे आणि माझे उत्तर वेगळे येईल.

पुढचा कन्सोल येईल तेव्हा भारतातल्या विक्रेत्यांकडून माझ्या अपेक्षा फार नाहीत. कोणत्या पिनकोडवर माल पोहोचेल ती यादी प्रीऑर्डरच्या आधी लावावी, एका मोबाइल नंबरवर आणि एका पत्त्यावर एकच मशीन द्यावे, आणि दुपारी बाराला बटण उघडण्याऐवजी दोन दिवस नोंदणी चालू ठेवून सोडत काढावी. यातल्या कशालाही नवा कायदा किंवा जादा चिपा लागत नाहीत. दुकानदारांनीही वहीतला क्रम काउंटरवर लावला तर बरे होईल. फुली असलेली नावे वर असली तरी चालेल, आपला नंबर कितवा आहे एवढे गिऱ्हाइकाला कळले म्हणजे आगाऊ पैसे ठेवायचे की परत घ्यायचे हे त्याला त्याच दिवशी ठरवता येईल.