ख्रिसमसच्या आधीची इर्जिक

बरेच दिवस काही लिहिलं नव्हतं, पण गेल्या रविवारी जे बघितलं ते लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

इथे विम्मेरात, म्हणजे मेलबर्नपासून गाडीने चार तास आत, डिसेंबर हा आधी सुगीचा आणि मग ख्रिसमसचा. ३८-४० डिग्री ऊन, दुकानांच्या काचांवर पांढरा बर्फ रंगवलेला, आणि रात्री अकरापर्यंत शेतात हार्वेस्टरचे दिवे फिरताना दिसतात. पार्ट्या, सिक्रेट सांता, मैदानावरची कॅरोल्स सगळं होतं, पण वारा सुटला की निम्मे पुरुष उठून आभाळाकडे बघायला लागतात.

तीन वर्षं मी इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे. माणसं वाईट अजिबात नाहीत, पण आपल्यासारखं दार ढकलून "काय चाललंय गं" म्हणत कोणी आत येत नाही, आणि ते मला फार लागायचं.

आणि त्याहून जास्त लागायची एक गोष्ट, ती म्हणजे मसूर. ऑस्ट्रेलियाचा बराचसा मसूर आमच्या या भागात पिकतो, मैलोन् मैल शेतं आहेत, आणि इथल्या माणसाला विचारा घरी खाता का, तर बहुतेक जण नाही म्हणून मान हलवतात. एक जण म्हणाला, आम्ही पिकवतो आणि बोटीत भरतो. मी कराडची, आमच्याकडे हायवेच्या ढाब्यावर लोक गाडी वळवून फक्त अख्खा मसूर खायला थांबतात, आणि इथे ज्याच्या जिवावर ट्रॅक्टरचे हप्ते फिटतात ते धान्य चुलीवर चढत नाही! मेलबर्नच्या इंडियन दुकानातून मी दोन किलोचं पाकीट आणते, त्यावर लिहिलेलं असतं ऑस्ट्रेलियात पिकलेलं, म्हणजे माझ्या खिडकीतून दिसणारं धान्य विकत घ्यायला मी आठ तास गाडी चालवायची. पिकवलेलं आधी स्वतःच्या ताटात पडावं असं मला वाटतं, आमच्या घरात तरी पहिलं मापटं देवापुढे आणि मग बाजारात. ज्याच्या त्याच्या खाण्याच्या सवयी, हे मान्य, पण ही खंत काही जात नव्हती.

तर आमच्या रिसेप्शनवर एक काकू आहेत. इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, माझी जीभ मात्र वळत नाही, म्हणून मराठीत लिहिताना काकूच. त्यांच्या मिस्टरांची नोव्हेंबरात मेलबर्नला बायपास झाली. मुलगा पर्थला नोकरीत. आणि मसूर वाळून शेतात उभा. मसुराला थांबता येत नाही, उशीर झाला की शेंगा तडकून दाणे गळतात, वर एखादी गार पडली की संपलंच. काकू कामावर यायच्या, हसून बोलायच्या, आणि कोणाला एका शब्दाने काही सांगायच्या नाहीत. मला वाटलं, बघा, इथे कोण कोणाचं.

गुरुवारी मेसेज आला, रविवारी सकाळी सातला काकूंच्या शेतावर वर्किंग बी (सगळ्यांनी मिळून फुकट करायचं काम), तुला जमलं तर जेवणाचं बघशील का?

मी गेले तर सहा हार्वेस्टर रांगेत उभे. ज्यांचा स्वतःचा गहू अजून उभा होता तेही आपलं मशीन घेऊन आलेले. मसुराची भुकटी गरम एक्झॉस्टवर बसली की पेट घेते, म्हणून बांधाला पाण्याची टाकी आणि पंप घेतलेल्या दोन पिकअप, आणि एक पोरगा दर फेरीला मशीनवरची धूळ हवेने झाडत होता. काका पिकअपमध्ये बसलेले, छातीचं हाड जुळेपर्यंत खोकताना उशी धरायला सांगतात ती उशी कवटाळून. प्रत्येक मशीन समोरून गेलं की ते फक्त एक बोट वर करायचे.

याला आमच्याकडे इर्जिक म्हणतात हो! आजोबा सांगायचे, एखाद्याचा बैल मेला की गावातली औतं त्याच्या रानात जायची, मजुरी नाही, फक्त जेवण. इथल्या लोकांनी काही नवीन शोधून काढलेलं नाही. आता आमच्याकडे ऊस आला, तोडायला टोळी येते, त्यामुळे ते कमी झालं हे खरं. मागच्या वर्षी बाबांचं सोयाबीन पावसात सापडलं तेव्हा मी इथून पैसे पाठवले. पैसे पाठवणं हेही कामच आहे, रजा मिळत नाही म्हणून माणूस नालायक ठरत नाही. पण त्या बांधावर उभी असताना घशाशी आलं.

जेवणाला मी अख्खा मसूरच केला. रात्रभर भिजवून, कांदा-खोबरं भाजून, घरचा कांदा-लसूण मसाला घालून, तिखट जरा हात आखडून. ब्रेडशी खाल्ला सगळ्यांनी. एक म्हातारे शेतकरी दुसऱ्यांदा वाढून घेताना म्हणाले, २०१७ च्या ख्रिसमसच्या तोंडावर तुमच्या सरकारने यावर ३०% आयात ड्युटी लावली, त्या वर्षी आम्ही धान्य विकायचं थांबलो होतो. मी म्हटलं, त्याच वर्षी आमची माणसं तुरीची पोती घेऊन खरेदी केंद्राबाहेर दिवस दिवस रांगेत होती, त्यांचाही विचार कोणीतरी करायला हवा ना! जरा जोरातच बोलले. ते म्हणाले, तुझे वडील काय पिकवतात?

मग मी सरळ बाबांना व्हिडिओ कॉल लावला, तिकडे सकाळचे साडेसात, चहा हातात. फोन शेताकडे फिरवला. बाबांचा पहिला प्रश्न, "एकरी किती पडतो?" इथे हेक्टरी दीड टन म्हणाले, मी हिशोब करून सांगितलं, सहा क्विंटल. "पाणी देतात का?" नाही, पावसावरच. बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "मग रान चांगलं राखलंय की. त्यांना सांग." मी सांगितलं. म्हाताऱ्यांनी टोपी काढली आणि फोनकडे बघून मान हलवली.

अंधार पडायच्या आत रान मोकळं झालं. काकांनी प्रत्येकाशी हात मिळवला, कोणी काहीच बोललं नाही.

काल सांता गावातल्या फायर ब्रिगेडच्या गाडीवरून गोळ्या उधळत गेला, गाडी चालवत होता तो मशीन झाडणारा पोरगा. काकू मंगळवारी सकाळी न सांगता माझ्या दारात आल्या, हातात बादलीभर मसूर, काड्या-मातीसकट. निवडायला कसा घ्यायचा ते मी त्यांना ताटात दाखवलं, दोघी ओट्याशी तासभर निवडत बसलो. २५ तारखेला त्यांच्याकडे हॅम आणि कोळंबीच्या शेजारी अख्खा मसूर ठेवायचं ठरलंय.

आईने दिलेला मसाला आता तळाला गेलाय. जानेवारीत पुण्याहून मेलबर्नला कोणी येत असेल तर कळवा, अर्धा किलोच आहे, विमानतळावर फॉर्मवर लिहावा लागेल तेवढा.