स्ट्रीमिंगसाठी प्रोसेसर बदलू का नको? माझा अनुभव

माझ्याकडे एएमडीचा रायझन ५ ३६०० हा प्रोसेसर होता, २०१९चा, ६ कोर (काम करणारे भाग) १२ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं), आणि नुसते गेम खेळत होतो तोवर त्याने मला कधी त्रास दिला नाही. खरी कटकट सुरू झाली स्ट्रीम करायला, म्हणजे गेम इंटरनेटवर लाइव्ह दाखवायला लागल्यावर. बघणारे म्हणायचे व्हिडिओ अडकतोय, आणि मला स्वतःला काउंटर-स्ट्राइक २ मध्ये ऐन मोक्याच्या वेळी झटके बसायचे, म्हणजे चार-पाच जण एकदम समोर आलेत, नेम धरलाय, क्लिक करतोय आणि तेवढ्यात स्क्रीन क्षणभर थिजते, परत हलते तोवर मी मेलेलो असतो.

ज्याला विचारावं तो म्हणे प्रोसेसर जुना झाला, बदलून टाक. माझंही जवळपास ठरलंच होतं. पण एवढा खर्च करून झटके तसेच राहिले तर काय, या धास्तीने आधी नीट तपासायचं ठरवलं आणि ते फार बरं झालं.

सुरुवात ओबीएसच्या, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरने मी स्ट्रीम करतो त्याच्या, स्टॅट्स विंडोपासून केली. तिथे फ्रेम (व्हिडिओतलं एकेक चित्र) गळण्याची तीन वेगवेगळी कारणं वेगवेगळी मोजलेली असतात: नेटवर्कमुळे गेलेल्या, एन्कोडिंग लॅगमुळे (व्हिडिओ पॅक करायला उशीर झाल्याने) सुटलेल्या आणि रेंडरिंग लॅगमुळे (ग्राफिक्स कार्डला चित्र जोडायला उशीर झाल्याने) हुकलेल्या. बघणाऱ्याला तिन्ही सारख्याच दिसतात, व्हिडिओ अडकतो बस, पण तिघांचा इलाज वेगळा. पहिलं असेल तर बिटरेट (सेकंदाला किती डेटा पाठवतो) आणि इंटरनेट बघायचं, तिथे कुठलाही प्रोसेसर उपयोगाचा नाही. माझा आकडा दुसऱ्या ओळीत भराभर वाढत होता. कारण मी कुठेतरी वाचून एक्स२६४ ला (प्रोसेसरवर चालणारा एन्कोडर) मीडियम हा जड प्रीसेट लावून ठेवला होता, म्हणजे गेमही त्याच ६ कोरवर आणि व्हिडिओ दाबून पॅक करायचं कामही त्याच ६ कोरवर. माझं ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, त्यात एन्कोडिंगसाठी वेगळं हार्डवेअरच असतं, एनव्हीएन्क म्हणतात ते. सेटिंगमध्ये एन्कोडर बदलला, स्ट्रीम चालू केली आणि तो आकडा शून्यावरून हललाच नाही. बघणाऱ्यांची तक्रार त्या रात्रीच संपली, तीही एक पैसा खर्च न करता.

पण माझे झटके थोडे कमी झाले तरी गेले नाहीत. मग रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणून तोच मॅप, तीच जागा परत खेळलो. एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) जिथल्या तिथे. कार्डचं काम निम्म्याहून कमी करूनही एफपीएस वाढत नसेल तर अडतंय ते कार्डापाशी नाही, हे उघड आहे. कार्डचा वापरही १०८० वर ६०-६५ टक्केच दिसत होता. टास्क मॅनेजर मात्र प्रोसेसर ५५ टक्के दाखवत होता आणि इथे बरेच जण फसतात, कारण ती १२ थ्रेडची सरासरी असते. गेमचा मुख्य थ्रेड एकटा पार दमलेला असला तरी बाकीचे निवांत असतात म्हणून सरासरी कमी दिसते.

तेवढ्यात मेमरीच्या टॅबवर नजर गेली, रॅमचा स्पीड २१३३. अरे, मी तर ३२०० ची रॅम घेतली होती! बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीची बोर्डची सेटिंग) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या ठरलेल्या स्पीडवर चालवणारा पर्याय, चालू केलं आणि बराच फरक पडला, मनापासून सांगतो, प्रोसेसरचा विचार करण्याआधी हे प्रत्येकाने बघाच.

एवढं केल्यावरही गर्दीत झटके राहिलेच, तेव्हा खात्री पटली की आता खरंच प्रोसेसरच. एएम५ वर (एएमडीचं नवं सॉकेट, माझं जुनं एएम४) जायचं तर बोर्ड नवीन, डीडीआर५ रॅम नवीन, म्हणजे जवळपास अख्खा पीसी, तो पर्याय लगेच सोडला. उरले दोन, ५७००एक्स आणि ५७००एक्स३डी, दोन्ही ८ कोर, दोन्ही माझ्याच एएम४ बोर्डवर बसणारे. कागदावर ५७००एक्स ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि एक्स३डी फक्त ४.१ पर्यंत, माझा जुना ३६०० सुद्धा ४.२ ला जायचा, त्यामुळे मी दोन-तीन दिवस अडून बसलो. पण एक्स३डी मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली अतिवेगवान मेमरी) ९६ एमबी आहे आणि ५७००एक्स मध्ये ३२. ३६०० मध्येही ३२ च, पण तीही दोन तुकड्यांत, तीन-तीन कोरना १६. गेमला सारखा लागणारा डेटा कॅशमध्ये मावला की दरवेळी रॅमपर्यंत हेलपाटा पडत नाही, आणि माझे झटके नेमके त्याच हेलपाट्याचे होते. व्हिडिओ एडिटिंग जास्त असतं तर ५७००एक्स घेतला असता, माझं बहुतेक सगळं गेमिंग, म्हणून एक्स३डी.

बसवताना दोन गोष्टी जपा. बोर्ड जुना असेल तर बायॉस अपडेट जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करून घ्या, नंतर स्क्रीनच आली नाही तर अवघड होतं. दुसरं म्हणजे कूलर सरळ वर ओढू नका. थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधला लेप) वाळून चिकटलेली असते आणि एएम४ ला पिना प्रोसेसरलाच असतात, १३३१, लॉक असूनही तो कूलरसोबत उपटून येऊ शकतो. मी दहा मिनिटं एक गेम चालवून पेस्ट गरम केली, पीसी बंद केला आणि कूलर हळूहळू डावीकडे-उजवीकडे फिरवत राहिलो. शेवटी मऊ आवाज करत सुटला तेव्हा जीव भांड्यात पडला.

झटके गेले. घाईगर्दीतही नेम हातात राहतो. कार्डवर भार टाकणाऱ्या गेममध्ये, ग्राफिक्स हायवर, मात्र काडीचा फरक नाही, तिथे कार्ड आधीपासूनच ९९ टक्के होतं.

आणि एक गोष्ट अपेक्षित नव्हती. नवा प्रोसेसर कार्डला इतक्या फ्रेम पुरवायला लागला की काउंटर-स्ट्राइकमध्येही कार्ड भरून वाहू लागलं, ओबीएसला सीन जोडायला कार्डवर जागाच उरेना आणि स्टॅट्समध्ये तिसरी ओळ, रेंडरिंग लॅगची, वाढायला लागली. एफपीएसला १६० चा कॅप (कमाल मर्यादा) लावला, ओबीएस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू केलं आणि तीही ओळ शून्यावर आली.