शनिवारी समुद्र, तिथी बघून

नाशिककराला समुद्र म्हटलं की अलिबाग नाहीतर थेट दापोली आठवते. म्हणजे दोन मुक्काम, बुकिंग, कसाऱ्याचा ट्रॅफिक. माझं म्हणणं असं की कसाऱ्याकडे तोंडच करू नका. त्र्यंबक रोडला लागा. मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर, पालघर आणि समोर समुद्र, केळवे-सातपाटीचा. अंतर दीडशे किलोमीटरच्या थोडं पुढे. पहाटे निघून रात्री घरी येता येतं.

सातपूरच्या आमच्या कंपनीला शनिवारी सुट्टी असते, त्यामुळे रविवारची गर्दी आमच्या वाट्याला येत नाही. बरोबर बायको आणि तिचे वडील. नाना एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले. नाशिक-जव्हार गाडी त्यांनी बरीच वर्षं चालवली आहे. अशा माणसाला शेजारी बसवून गाडी चालवणं ही एक परीक्षाच. तोरंगण घाट लागला तसे म्हणाले, "जावईबापू, सेकंड टाका. इथं गाडी चालवत नाहीत, उतरवतात." मी गुपचूप सेकंड टाकला.

त्र्यंबकच्या डोंगरातून निघालेली गोदावरी आपल्या घाटावरून जाते आणि पार बंगालच्या उपसागराला मिळते. पण वैतरणाही त्याच डोंगरांतली. ती पश्चिमेला उतरते आणि केळव्याच्या दक्षिणेला, दातिवऱ्याजवळ अरबी समुद्रात शिरते. म्हणजे आपल्या उशाचं थोडं पाणी इकडेही जातंच. आपणच तेवढे जात नाही.

जव्हारला नाश्ता केला. (मिसळीबद्दल नाशिककराने नाशिकबाहेर बोलू नये, म्हणून बोलत नाही.) मनोर-पालघर रस्त्यावर वाघोबाची खिंड लागते. तिथे गाडी आपोआप हळू झाली पाहिजे, हा नानांचा नियम. वाघोबाला हात जोडायचे, मग पुढे. आजूबाजूला माकडं इतकी की बायकोने केळ्यांची पिशवी सीटखाली सरकवली.

आता मुख्य गोष्ट, भरती-ओहोटी. आपण देशावरची माणसं जेवणाच्या वेळेवर दिवस आखतो. इथे पाण्याच्या वेळेवर आखावा लागतो. हा किनारा सपाट आहे. ओहोटीला समुद्र लांबवर जातो आणि नवखा माणूस "पाणी कुठंय?" म्हणत उभा राहतो. हिशेब मात्र सोपा आहे, आणि तो मला केळव्याच्या शहाळेवाल्या काकांनी शिकवला होता. तिथीची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. तिथून सहा तास पुढे-मागे ओहोटी. आम्ही गेलो त्या दिवशी पंचमी होती. पाचाचे पाऊणपट पावणेचार. म्हणजे सकाळी दहाच्या सुमाराला पाणी सगळ्यात मागे.

त्यामुळे आधी केळवे. साडेदहाला सुरूच्या बनातून बाहेर आलो तर समोर घट्ट, ओली, करडी वाळू आणि दूरवर पाण्याची रेघ. पोहायला निरुपयोगी, चालायला उत्तम. नानांनी चपला हातात घेतल्या आणि ते जे निघाले ते टांगेवाल्यांनाही मागे टाकून. शीतलादेवीचं दर्शन घेतलं, मग एका घरगुती खानावळीत जेवलो. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण, तळलेली मांदेली. नानांचा शनिवार असतो. ते वालाच्या बिरड्यावर जेवले आणि माझ्या ताटाकडे अधूनमधून बघत राहिले.

केळवे ते माहीम (मुंबईचं नव्हे, पालघरचं) हा वाड्यांमधून जाणारा छोटा रस्ता मला समुद्राइतकाच आवडतो. नारळ, सुपारी, केळी, मधूनच पानवेलींचे मळे. गाडीची काच खाली केली की ओल्या मातीचा वास येतो. पुढे शिरगावचा किल्ला. वसईच्या मोहिमेत, १७३९ मध्ये, तो पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे आला. लहानसाच आहे, अर्ध्या तासात होतो. आत फांद्या फुटलेला ताड आहे. तो मात्र बघाच. ताडाला फांद्या असतात हे नाना मानायलाच तयार नव्हते.

तीनला सातपाटीत पोचलो, आणि सगळी सहल खरं तर याच्यासाठीच होती. इथली खाडी गाळाने भरलेली आहे, म्हणून बोटी भरतीच्या पाण्यावरच आत येतात. पाणी भरत आलं तशा त्या एकामागून एक वळणावरून दिसू लागल्या. धक्क्यावर टोपल्या, बर्फ, बायकांचा आरडाओरडा. सातपाटीचं नाव पापलेटसाठी. २०२३ मध्ये रुपेरी पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला, पण भावावर त्याचा काही चांगला परिणाम झाल्याचं मला दिसलं नाही. बायको घासाघीस करायला गेली आणि मावशींनी तिला दोन वाक्यांत गप्प केलं.

गावात एका भिंतीवर "एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द" लिहिलेलं होतं. डहाणूजवळच्या त्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये झाली. जाळं विणत बसलेल्या एका तांडेलांशी, म्हणजे बोटीच्या प्रमुखाशी, नानांचं त्यावर बोलणं झालं. मासेमारीची जागाच गेली तर बोट कुठे न्यायची, एवढंच ते विचारत होते. नाना निघताना म्हणाले, "आमच्या डेपोचंही असंच व्हायचं. ठरल्यावर सांगायचे."

पाचला परत फिरलो. पापलेटं थर्माकोलच्या खोक्यात, बर्फात. तोरंगण चढताना अंधार होता, आणि नाना सबंध घाट झोपले. माझ्या ड्रायव्हिंगला याहून मोठं सर्टिफिकेट मिळणार नाही. रविवारी दुपारी ते वेळेच्या आधी जेवायला हजर होते.

तुम्ही जाणार असाल तर आधी कॅलेंडर बघा. चतुर्थी-पंचमीला वर सांगितलेला क्रम चालेल. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास हिशेब उलटा होतो. भरती दुपारच्या सुमाराला, म्हणून सातपाटी आधी आणि केळवे संध्याकाळी. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते. तेव्हा सातपाटीला बोटी नुसत्या शाकारून ठेवलेल्या दिसतील, आणि घाटात धुकं इतकं की नानांसारखा माणूस शेजारी नसेल तर निघूच नका.