उजेड जाड असतो

सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट म्हटलं की लोक काळोखाबद्दल बोलायला लागतात. माझ्याकडे पोर्ट्रेट शिकायला येणारी मुलंही आधी काळ्याची ट्यूब पिळतात. मी ती काढून घेते.

ॲमस्टरडॅमच्या रायक्सम्युझियममध्ये त्याचं 1628च्या सुमाराचं एक आत्मचित्र आहे. ओकच्या फळीवर, उंची जेमतेम साडेबावीस सेंटिमीटर. तेव्हा तो बाविशीतला. डोळे सावलीत बुडालेले; उजेड पडलाय तो मानेवर, कानाच्या पाळीवर, गालाच्या कडेवर. पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला असं चित्र खपलं नसतं. स्वतःचाच चेहरा, तक्रार कोण करणार? आणि ते कुरळे केस! रंग ओला असतानाच कुंचल्याच्या दांड्यानं खरवडलेत. ओरखड्यांतून खालचा फिकट थर डोकावतो, तीच केसांवरची चमक. उजेड आणला, तोही रंग काढून.

त्याच म्युझियममधल्या ‘ज्यू नवरी’त, म्हणजे 1665 नंतरच्या चित्रात, गंमत उलटी. पुरुषाची सोनेरी बाही समोरून बघून झाली की बाजूला सरकून तिरकी बघावी. रंगाचे अक्षरशः उंचवटे आहेत, आणि दालनातल्या दिव्याचा उजेड त्यांच्यावर अडकतो. मागचा अंधार मात्र पातळ, तपकिरी. खरा विरोध इथे आहे: काळ्या-पांढऱ्यापेक्षा जाड आणि पातळ यांच्यात. मोबाइलवरच्या फोटोत नेमकं हेच मरतं.

हाउब्राकेन नावाच्या डच चित्रकारानं रेम्ब्रांटनंतर सुमारे 50 वर्षांनी लिहून ठेवलंय, की त्याच्या एका व्यक्तिचित्रावर रंग इतका जाड होता की नाकाला धरून चित्र जमिनीवरून उचलता यावं. थाप असेल, पण बाही बघितलेल्याला ती फार मोठी वाटत नाही.

इतका थर ओघळत कसा नाही? शिशाचा सफेदा आणि जवसाचं तेल, हे तर सगळेच वापरत. 2019 मध्ये संशोधकांनी त्याच्या जाड थरांचे कण क्ष-किरणांनी तपासले, तेव्हा त्यांत प्लंबोनॅक्राइट हे शिशाचं दुर्मीळ संयुग सापडलं. तेलात त्यानं शिशाचं ऑक्साइड मिसळलं असावं, असा त्यांचा निष्कर्ष.

शिसं विषारी, त्यामुळे वर्गात ते नाहीच. मी टिटॅनियम व्हाइटमध्ये थोडी खडूची पूड घोटते. थर उभा राहतो, पण वाळल्यावर जरा मेलेला दिसतो. सध्या पूड कमी करून बघतेय.