आमची वाटचाल : लालबागच्या साबणाच्या वडीपासून कमी फेसाच्या बाटलीपर्यंत

आमच्या साबणाच्या वेष्टनावर गेली काही वर्षे एक ओळ छापलेली असते : ‘हा साबण चेहऱ्यासाठी वापरू नये.’ स्वतःच्या मालावर असे कोण छापतो, असे दुकानदार अजूनही विचारतात. त्या ओळीपर्यंत आम्ही कसे आलो आणि तिच्या पाठोपाठ नाजूक, मुरमे येणाऱ्या त्वचेसाठी वेगळे फेसवॉश का तयार करावे लागले, हे आमच्या ग्राहकांना सविस्तर सांगावे असे बरेच दिवस मनात होते.

जानेवारी 1982 मध्ये मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा माझे वडील, अण्णा, लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते. संप लांबत गेला, घरातील भांडी एकेक करून विकली गेली, आणि अण्णांनी एका परिचिताकडून खोबरेल तेल व कॉस्टिक सोडा यांपासून साबण करण्याची रीत शिकून घेतली. चाळीतील खोलीत सुरू झालेले ते काम पुढे शिवडीच्या एका लहान गाळ्यात गेले. वड्या कापल्यावर त्या फळ्यांवर चार ते सहा आठवडे सुकू द्यायच्या, आणि प्रत्येक घाण्यातील, म्हणजे एका वेळी केलेल्या मालातील, एक वडी अण्णांनी स्वतः जिभेच्या टोकाला लावून पाहिल्याशिवाय माल बाहेर काढायचा नाही, हा नियम होता. जिभेला चटका बसला, तर आत कॉस्टिक शिल्लक आहे असे समजायचे. त्या साबणाचा आम्हांला अभिमान होता, आजही आहे. मात्र हा साबण नखशिखान्त सर्वांना चालतो, अशी जी समजूत आम्ही बाळगली होती, ती चुकीची होती.

आमच्याकडे पॅकिंगला येणाऱ्या मावशींचा मुलगा तेव्हा अकरावीत होता. तुटक्या वड्या आम्ही कामगारांना घरी नेऊ देत असू, आणि तो मुलगा त्याच साबणाने दिवसातून चार-पाच वेळा तोंड धूत असे. मुरमे वाढली की धुणे वाढायचे, धुणे वाढले की चेहरा लाल व्हायचा आणि ओढल्यासारखा ताणायचा. डॉक्टरांनी लावायला दिलेले औषध त्याला सोसवेना, म्हणून तेही बंद झाले. मावशींनी तक्रार केली नाही. उलट, साबणात आणखी काही ‘स्ट्राँग’ घालता येईल का, असे त्यांनी मला संकोचून विचारले. रसायनशास्त्रातील पदवी घेऊन धंद्यात आलेल्या माणसाला त्या प्रश्नाची लाज वाटावी, तशी ती मला वाटली.

त्या संध्याकाळी मी आमची वडी पाण्यात विरघळवून तिचा सामू, म्हणजे ज्याला आपण सगळे पीएच म्हणतो तो, पट्टीने मोजला. 7 म्हणजे ना आम्ल ना अल्क, त्याखाली आम्लधर्मी आणि त्यावर अल्कधर्मी. आमचा 10 च्या आसपास होता. यात आमच्या साबणाचा काही खास दोष नव्हता, कारण कोणताही खरा साबण साधारण 9 ते 10 या पातळीवरच असतो. आपल्या त्वचेचा पृष्ठभाग मात्र किंचित आम्लधर्मी, साधारण 4.5 ते 5.5 असतो. शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी 1928 मध्ये याला त्वचेचे ‘आम्लकवच’ असे नाव दिले. साबणाने ते कवच काही काळ मोडते आणि त्वचेच्या पेशींमधील स्निग्ध द्रव्यही मळाबरोबर निघून जाते. निरोगी त्वचा काही तासांत सावरते. ज्याची त्वचा मुळात हुळहुळी आहे आणि जो तिला सावरण्याआधीच पुन्हा धुतो, त्याची सावरत नाही. शिवाय आपल्या गव्हाळ आणि सावळ्या वर्णावर मुरूम बसल्यानंतरही काळा डाग कित्येक महिने राहतो, त्यामुळे चेहऱ्यावर होणारी प्रत्येक जळजळ पुढे महाग पडते.

अण्णांना हे सांगणे सोपे नव्हते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग लिंबाचे सत्त्व घालून पीएच खाली आणता येणार नाही का?” त्यांचा प्रश्न रास्त होता, म्हणून आम्ही दोघांनी ते करून पाहिले. साबणाच्या पाण्यात सायट्रिक आम्ल पडताच ते दुधासारखे फाटले आणि वर तेलकट, पांढरा थर तरंगू लागला. साबण म्हणजे तेलातील आम्लांचे, म्हणजे स्निग्धाम्लांचे, क्षार, आणि आम्ल घातले की ते पुन्हा स्निग्धाम्लांत बदलतात. त्वचेच्या पातळीवर आणलेला साबण हा साबणच राहत नाही. मग वडीत थोडे जादा तेल तसेच राहू देऊन ती सौम्य करावी, असे अण्णांनी सुचवले. त्याने वडी हाताला मऊ लागली, पण पीएच हलला नाही, आणि मुरमे येणाऱ्या चेहऱ्यावर साबण न झालेले खोबरेल तेल शिल्लक राहणे हे रंध्रे बुजायला निमंत्रणच होते. त्या दिवशी अण्णा म्हणाले, “आपली वडी अंगाची आहे. तोंडासाठी दुसरे काही शोध.” पस्तीस वर्षे वडीवर संसार चालवलेल्या माणसाने हे म्हणावे, याचे मोल मला आज अधिक कळते.

दुसरे काही, म्हणजे साबण नसलेले. बाजारात मिळणारी बहुतेक फेसवॉश सरफॅक्टंटवर चालतात. सरफॅक्टंट म्हणजे तेल आणि मळ पाण्यात ओढून नेणारा घटक. त्यांतील सोडियम लॉरिल सल्फेट स्वस्त आहे, भरपूर फेस देते, आणि त्वचेवर मुद्दाम दाह निर्माण करून पाहायचा असेल तेव्हा प्रयोगशाळांत तेच वापरले जाते. ते आम्ही पहिल्याच दिवशी बाजूला ठेवले. प्रिन्सेस स्ट्रीट आणि मस्जिद बंदरच्या व्यापाऱ्यांकडून नमुने आणत आणत आम्ही डेसिल ग्लुकोसाइडपाशी आलो. साखर आणि वनस्पतिजन्य स्निग्ध अल्कोहोल यांपासून होणारा हा घटक बराच सौम्य आहे. तो कॅनमध्ये येतो तेव्हा मात्र त्याचा स्वतःचा पीएच 11 च्या वर असतो, आणि ‘नैसर्गिक आहे, म्हणजे सौम्यच’ असे मानून तो तसाच मिसळणारा माणूस साबणापेक्षा वाईट वस्तू तयार करील. आम्ही तो कोकामिडोप्रोपिल बेटेन या दुसऱ्या सौम्य सरफॅक्टंटच्या जोडीने घेतला, ग्लिसरीन घातले आणि सायट्रिक आम्लाने पीएच खाली आणला. या वेळी मिश्रण फाटले नाही. ते पाहायला अण्णा मुद्दाम खुर्ची ओढून बसले होते.

खरी अडचण पुढे होती. हे द्रावण पाण्यासारखे पातळ होते. नेहमीची सल्फेटवाली द्रावणे चमचाभर मिठाने घट्ट होतात, ग्लुकोसाइड मिठाला फारशी दाद देत नाही. झँथन गम हा घट्टपणा आणणारा डिंक घातला तर गुठळ्या झाल्या, आणि तो आधी ग्लिसरीनमध्ये कालवून मगच पाण्यात सोडायचा असतो, हे समजेपर्यंत कित्येक बादल्या वाया गेल्या. फेसही कमी आणि विरळ येत असे. ज्यांना आम्ही नमुने दिले, त्यांपैकी अनेकांनी ‘काही लागल्यासारखेच वाटत नाही’ असे सांगितले. थोडेसे सल्फेट मिसळले असते, तर घट्टपणा आणि फेस हे दोन्ही प्रश्न एका दुपारी सुटले असते. आम्ही ते केले नाही, आणि त्याची किंमत विक्रीत मोजली. फेसाचा स्वच्छतेशी फारसा संबंध नाही, हे एकेका ग्राहकाला समजावत बसणे हा त्यानंतर आमच्या धंद्याचाच भाग झाला.

सुगंधाचा निर्णय आईने केला. मी लव्हेंडर आणि टी ट्रीचे तेल आणले होते. तिचे म्हणणे होते की ज्याचा चेहरा आधीच चुरचुरतो आहे, त्याला वास कशाला हवा? तिला त्यामागचे रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण ती बरोबर होती. अशा तेलांतील लिमोनीन आणि लिनालूल हे सुगंधी घटक हवेच्या संपर्काने बदलतात आणि काहींना त्यांची ॲलर्जी होते. आमच्या बाटलीला म्हणून वासच नाही, आणि रंगही नाही.

पहिल्या पावसाळ्यात आमचे मोठे नुकसान झाले. जूनमध्ये भरलेल्या दोनशे बाटल्यांना ऑगस्टमध्ये कुबट वास येऊ लागला. चूक माझी होती. टिकाऊपणासाठी घातलेले सोडियम बेंझोएट आम्लधर्मी द्रावणातच नीट काम करते, आणि त्या घाण्याचा पीएच मी घाईत 6 च्या जवळ सोडला होता. विकलेल्या बाटल्या आम्ही घरोघरी जाऊन परत आणल्या आणि सगळा घाणा टाकून दिला. आता पीएच 5 च्या खाली ठेवून, पोटॅशियम सॉर्बेटची जोड देऊनच माल भरला जातो. प्रत्येक घाण्याच्या काही बाटल्या तीन महिने 40 अंशांवर ठेवतो आणि त्या उघडून पाहिल्याशिवाय कृतीत कोणताही बदल कायम करत नाही. अण्णांची जिभेची चाचणी जाऊन ही आली, असे मी समजतो.

आमच्या गाळ्याला द्रवरूप प्रसाधनांचा परवाना मिळण्याजोगी जागा नव्हती, म्हणून वसईच्या एका कारखान्यात लोन लायसन्सवर, म्हणजे दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात आपला माल करून घेण्याच्या परवान्यावर, उत्पादन सुरू केले. सौंदर्यप्रसाधन नियम, 2020 लागू झाल्यावर कागदपत्रे नव्याने करावी लागली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आक्षेप आहे तो लेबलावर ‘पिंपल बरे करते’ असे छापा, म्हणून मागे लागणाऱ्या विक्रेत्यांबद्दल. रोग बरा करण्याचा दावा केला की ती वस्तू प्रसाधन राहत नाही, औषध ठरते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ते खोटे आहे. मुरूम त्वचेच्या आत, बुजलेल्या रंध्रात होते. तेथे तेलग्रंथी, जिवाणू आणि दाह यांचा खेळ चालतो, आणि अर्धा मिनिट चेहऱ्यावर राहून वाहून जाणारी वस्तू तेथवर फारसे काही करू शकत नाही. फेसवॉशने त्वचा न दुखावता मळ, घाम आणि सनस्क्रीन काढावे, म्हणजे बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा ॲडापलीनसारखे मुरमांवरचे, पण कोरडेपणा आणणारे औषध रुग्णाला सोसता येते. याच कारणाने आम्ही रंध्रे मोकळी करणारे सॅलिसिलिक आम्लही घातले नाही. ते उपयोगी आहे, पण आधीच औषध लावणाऱ्या हुळहुळ्या चेहऱ्याला रोज दोनदा ते नको, असे आमचे मत झाले.

दादरच्या ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंचा आम्ही सल्ला घेतो, त्यांच्या सांगण्यावरून बाटलीसोबत एक चिठ्ठी देतो. तोंड दिवसातून दोनदा धुवावे, आणि लोकलच्या गर्दीतून घामाघूम होऊन आल्यावर हवे तर आणखी एकदा नुसत्या पाण्याने. पाणी कोमट असावे. बोटांनीच धुवावे, काथ्या, घासणी किंवा अक्रोडाचे स्क्रब नको. पुसताना टॉवेलने टिपावे, घासू नये. लिंबू आणि खाण्याचा सोडा चेहऱ्यावर लावू नये, कारण एक फार आम्ल आणि दुसरा अल्कधर्मी आहे. नवे उत्पादन आधी काही दिवस कोपराच्या आतल्या बाजूस लावून पाहावे. आणि चिठ्ठीतील सर्वांत महत्त्वाची ओळ अशी की, औषधाच्या दुकानातून डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेतलेले ‘गोरे करणारे’ स्टिरॉइडयुक्त मलम वापरत असाल, तर फेसवॉश बदलत बसू नका, आधी डॉक्टरांकडे जा. चेहऱ्याची आग होते म्हणून आमच्याकडे आलेल्या अनेक मुलींची गोष्ट शेवटी त्या मलमापाशी येऊन थांबते.

मावशींच्या मुलाने आमचा पहिला चांगला घाणा वापरला. त्याची मुरमे आमच्या बाटलीने गेली नाहीत, ती डॉक्टरांच्या औषधाने पुढच्या काही महिन्यांत कमी झाली. चेहऱ्याची आग थांबल्यामुळे ते औषध त्याला नेमाने लावता आले. आता तो बाहेरगावी नोकरीला आहे आणि मावशी दर दोन महिन्यांनी त्याच्यासाठी एक बाटली मागून घेतात. पैसे त्या देतातच, आम्ही नको म्हटले तरी.

सध्या आमच्यासमोर एक प्रश्न आहे. कोकामिडोप्रोपिल बेटेनमध्ये तयार होताना राहून जाणाऱ्या अशुद्धींची काहींना ॲलर्जी होते. 2004 मध्ये अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने त्याला ‘वर्षातील ॲलर्जन’, म्हणजे ॲलर्जी आणणारा घटक, म्हणून जाहीर केले होते. आमच्या दोन ग्राहकांना तसा त्रास झाला आणि आम्ही त्यांचे पैसे परत केले. त्यांच्यासाठी बेटेनऐवजी कोकोयल ग्लुटामेट हा दुसरा सौम्य सरफॅक्टंट घेऊन केलेला घाणा या महिन्यात 40 अंशांच्या कपाटात ठेवला आहे. तो आणखी पातळ झाला आहे आणि फेस जवळजवळ नाहीच. तीन महिन्यांनी तो ठीक निघाला, तर प्रथम त्या दोघींना पाठवू.