भाडं आधी वापस टाक

वजा पलीकडे गेला की अधिक होतो. गणिताच्या तासाला हे वाक्य इतक्यांदा कानावर पडतं, की बरोबरच्या चिन्हाशी एखादं नाकं असावं आणि ते ओलांडताना चिन्ह बदलून मिळत असावं असंच पोरांना वाटतं. खरं तर कुणी कुठं जात नाही. दोन्ही बाजूंत सारखंच मिळवायचं, नाहीतर सारखंच काढायचं, एवढाच प्रकार. पण तसं मांडायला वहीत एक ओळ जास्त लागते, आणि ती वाचवायची घाई मास्तरांनाही असते.

आर्वीकडच्या आमच्या गावात ती ओळ काकाजी तोंडी भरतात. त्यांची शाळा चौथीतच सुटली. वेचणीआधीची सीतादहीची पूजा होऊन कापसाचा पहिला वेचा निघाला, कापूस जिनिंगला गेला. भाव सात हजार क्विंटल. मेटाडोरवाल्यानं बाराशे कापून घेतले, हातात आले 54,800. वजनाची पावती सदऱ्याच्या खिशात घामानं भिजली आणि नेमका आकडाच पुसला. कापूस किती होता?

सातवीतली नात वही घेऊन ओट्यावर बसली. तिला मी भास्कराचार्यांची युक्ती सांगितली होती. 1150 सालच्या ‘लीलावती’त ती इष्टकर्म म्हणून येते. उत्तर म्हणून मनाला येईल ती संख्या धरायची, गणित चालवायचं, आणि जे येईल त्याच्या प्रमाणात धरलेली संख्या कमीजास्त करायची. पोरीनं दहा क्विंटल धरले. सत्तर हजारातून बाराशे गेले, उरले 68,800. मोबाईलवर त्रैराशिक मांडलं, तर आले सात क्विंटल साडेशहाण्णव किलो.

"आठ होते," काकाजी म्हणाले.

"काहून?"

"चोपन्न हजार आठशेत बाराशे टाक. छप्पन हजार. सात आठे छप्पन."

मग साडेतीन किलो कापूस गेला कुठं? पोरगी हिशेब पुन्हा तपासत बसली. हिशेबात चूक नव्हतीच.

"गाडी अर्धी भरली असती तरी त्यानं बाराशेच घेतले असते ना! भाडं काय कापसावर हाय? आधी त्याचे पैसे वापस टाक, मंग कापसाकडं पाय."

मला तर बीजगणिताचा निम्मा धडा एवढ्यात दिसला. कापूस दुप्पट झाला की त्याचे पैसे दुप्पट होतात, भाडं होत नाही. ते आत असेतो प्रमाण लावता येत नाही. लीलावतीतलं उदाहरण पाहा: एका संख्येची पाचपट, तिच्यातून तिचाच तिसरा हिस्सा वजा, उरल्याला दहानं भाग, मग मूळ संख्येचा तिसरा, निम्मा आणि चौथा हिस्सा मिळवला की 68. तिथं सारं त्या एकाच संख्येच्या पटीत आहे, म्हणून 3 धरून चाललं तरी 48 वर नीट पोचता येतं. बाराशे रुपये मधे आले की आधी त्यांची वाट लावावी लागते. नवव्या शतकात बगदादला अल्-ख्वारिझ्मीनं वजा झालेलं दोन्हीकडे भरून घेणं ही वेगळी पायरीच ठरवून दिली होती. काकाजींना बगदादचं काय! ज्याचे पैसे कापले गेले त्याला ते परत मांडायचं आपसूक सुचतं.

दुसऱ्या वेच्याला गाडीवाल्यांनीच पेच वाढवला. एक म्हणे सहाशे रुपये आणि वर क्विंटलमागे ऐंशी. दुसरा म्हणे हजार, आणि क्विंटलमागे तीस. आता क्ष दोन्ही बाजूंना. यावर ब्रह्मगुप्तानं 628 सालीच सोपा नियम देऊन ठेवला आहे: नुसत्या आकड्यांच्या फरकाला अव्यक्ताच्या, म्हणजे क्षच्या, पटींच्या फरकानं भागा. चारशे भागिले पन्नास, आठ. आठ क्विंटलच्या आत पहिला स्वस्त, वर गेलं की दुसरा. काकाजींनी कापसाच्या चुंगड्यांकडे, म्हणजे पोत्यांकडे, नजर टाकली. "आठच भरन," म्हणाले. म्हणजे दोघांचंही भाडं 1,240.

त्यांनी गावातलाच गाडीवाला केला. तो पैशाला पोळ्यापर्यंत थांबतो.