रिकाम्या खोल्यांचे फोटो : आमची वाटचाल

बेळगावच्या खडेबाजारातला आमचा स्टुडिओ वडिलांनी पासपोर्ट फोटो आणि लग्नाच्या अल्बमांवर उभा केला. रोल धुणं, डार्करूम, सगळं मी त्यांच्या हाताखाली शिकलो. मोबाईल आले आणि काउंटरवरची गर्दी ओसरली. लग्नाच्या ऑर्डरी राहिल्या, घर चाललं.

वेगळं काम मिळालं ते शहापुरात. एका विणकर कुटुंबाचं जुनं घर विकलं होतं. सूनबाई म्हणाल्या, "सामान हलवलंय. पाडायच्या आधी घराचे फोटो काढून द्या की." पुढच्या खोलीत मागाचा खड्डा तसाच होता. मागच्या खोलीत पलंगाच्या जागी भिंतीवर डोक्याच्या तेलाचे दोन डाग, शेजारी शेजारी, एक जरा वर. खिडकीच्या चौकटीला रोज रात्री काढून चिकटवलेल्या मरून रंगाच्या टिकल्या. तुळईला पाळण्याची कडी. डागांभोवतीचा चुना पांढराशुभ्र आणि डाग मात्र जुने, हे कसं, म्हणून मी विचारलं. "मामंजी गेल्यापासून सासूबाई दिवाळीला चुना देताना तेवढी जागा सोडायच्या," त्या म्हणाल्या. "तेवढं नीट येऊ दे ओ."

तो फोटो नीट यायला सकाळ गेली. फ्लॅश मारला की भिंत सपाट होते, डाग दिसतच नाही. खिडकीचं एकच दार उघडून तिरपा उजेड घेतला, कॅमेरा स्टँडवर, आयएसओ (उजेड टिपायची क्षमता) कमीत, 100 वर, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ 8, शटर काही सेकंद उघडं. आजही असंच करतो. काही झाडत नाही, हलवत नाही. फार रुंद लेन्स लावत नाही, खोली उगाच मोठी दिसते आणि तिथं राहिलेल्यांना ती आपली वाटत नाही. माझ्या मते हाच या कामाचा कस आहे.

2019 च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर खानापूर, गोकाककडूनही बोलावणी आली. मातीच्या भिंती बसल्या होत्या. उरलेल्या भिंतींवर पुराची रेघ, आणि तिच्या वर मुलांची उंची मोजलेल्या पेन्सिलीच्या खुणा. मराठी घरं, कन्नड घरं, दोन्हीकडे मागणी एकच: आई-वडिलांची खोली आधी घ्या.

हे फोटो आम्ही शोकेसमध्ये लावत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर नमुना म्हणून पाठवत नाही. प्रिंट त्या घरालाच. सामान निघाल्यावर आणि रंगारी किंवा जेसीबी येण्याआधी एक सकाळ आमच्यासाठी ठेवा, आणि खोली झाडू नका.